मधली घडी

बुधवार, रात्री साडेदहा

आत्याचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. पत्र पोचलं म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "अगो, शाई संपत आलेली काय? निदान शिसपेन्सिलीने तरी लिहायचंस. माझ्या डोळ्यांचं सोड, पण छोटूलासुद्धा धड लागेना. वरचं लागलं, खालचं लागलं, मधल्या घडीवरचं काही म्हणता काही लागलं नाही."

मी शाईची, निबेची कारणं सांगितली आणि पुढच्या वेळी काळ्या शाईने लिहीन म्हटलं. मग पावसाचं बोललो, वहिनींच्या गुडघ्याचं बोललो आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर मला हायसं वाटलं.

हेच संध्याकाळपासून डोक्यातून जात नाहीये. वाईट वाटायला हवं होतं. महिनाभर मनात घोळवून जे लिहिलं नेमकं तेवढंच तिला वाचता आलं नाही, आणि मला हायसं वाटलं. असं का व्हावं?

करडी शाई मला कितीतरी वर्षांपासून हवी होती. दिवसभर काळ्यात लिहायचं. फॉर्मवर छापलेलंच असतं, निळ्या किंवा काळ्या शाईने भरावे. काळ्यात लिहिलेलं काहीही मला नोटिशीसारखं दिसतं. निळी म्हणजे शाळा. अप्पांची निळीकाळी ती त्यांचीच, तिला हात लावायचं माझ्या मनात नाही. मला अशी शाई हवी होती, जिच्यात हळू आवाजात बोलता येईल. आपल्याकडे नजर करडी असते, आवाज करडा असतो, म्हणजे दोन्ही धाक घालणारे. मला हवा होता त्या रंगाला नावही नीट सापडेना. पारवा म्हणावा तर त्यात निळं येतं, राखाडी म्हणावा तर विझलेली चूल आठवते.

आधी घरच्या काळ्या शाईतच पाणी घालून पाहिलं. मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणलं, सिरिंजने थेंब मोजून घातले. कागदावर उमटला तो करडा नव्हताच, किरमिजीकडे झुकलेला मळकट रंग होता. टीपकागदावर थेंब टाकला तर कडेने गुलाबी पसरलं आणि मध्ये निळसर राहिलं. काळी म्हणून आपण जी वापरतो तिच्या पोटात असे दोनतीन रंग एकमेकांना धरून बसलेले असतात, पाणी घातलं की जो तो आपल्या वाटेने जातो. शिवाय बुरशी धरू नये म्हणून शाईत जे घातलेलं असतं तेही पाण्याने पातळ होतं. ती बाटली मी ओतून टाकली.

मग नमुन्याच्या कुप्या मागवल्या. चार. इतके पैसे शाईवर का, असं घरात कुणी विचारलं नाही, पण कुप्या खिडकीत मांडल्यावर सगळ्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मला ते लागलं. एवढी एक गोष्ट मी माझ्यापुरती घेतली होती. ते राहू दे.

ते दोन रविवार मात्र फार सुंदर गेले. पायलट या जपानी कंपनीच्या इरोशिझुकु नावाच्या शायांमधल्या दोन कुप्या होत्या. त्या नावाचा अर्थ रंगाचा थेंब, आणि तसाच तो पडतो निबेतून, लोण्यासारखा. किरि-सामे म्हणजे धुक्यासारखी भुरभुर, त्यात जराशी ऊब आहे. फुयु-शोगुन म्हणजे हिवाळ्याचा सेनापती, त्यात निळ्याची छटा, पहाटेच्या पत्र्यासारखी गार. लिव्हरपूलची डायमाइन १८६४ पासून शाई करते, त्यांची ग्रॅफाइट चौघींत सर्वांत गडद, किंचित हिरवट, ओल्या पाटीसारखी. आणि पॅरिसच्या एर्बँची ग्री न्यूआज, ढगाचा करडा. ती इतकी फिकी की अक्षर कागदावर आहे की कागदातूनच वर येतंय असं वाटावं. वेलांटी वळते तिथे शाई क्षणभर साचते आणि तेवढाच गडद ठिपका राहतो, बाकी सगळं धूसर. काळ्या शाईत वेलांटी कुठे सावकाश वळली हे कुणाला कळतं? इथे हात कुठे थबकला तेसुद्धा दिसतं. तास तास मी ते पान उजेडाकडे धरून बसले होते.

मघाशी ते पान पुन्हा काढलं. चारही शायांत मी एकच वाक्य लिहून पाहिलं होतं. तुलनेसाठी वाक्य एकच असावं लागतं म्हणून. कुठलंही चाललं असतं, पत्ता, श्लोक, वाणसामानाची यादी. मी लिहिलं होतं ते वैशाखात मी का आले नाही त्याचं वाक्य. चार वेळा, एकाखाली एक. आणि त्यातून ज्या ओळीत ते सर्वांत कमी दिसत होतं, ती शाई मी निवडली.

अक्षर फिकं का उमटलं याची फोनवर मी कारणं सांगितली होती, ती खोटी नव्हती. ओली असताना ही शाई गडदच दिसते, वाळल्यावर उतरते. माझं ते जपानी पेन, त्याची बारीक निब इथल्या बारकीपेक्षाही बारीक, शाई जेमतेम सोडणारी. फिक्या शायांना जाड, भरपूर सोडणारी निब लागते, नाहीतर सगळं पेन्सिलीसारखंच दिसतं, आत्या म्हणाली त्यात चूक काही नाही. आणि लिहिलं कशावर, तर अंतर्देशीय पत्रावर. निळ्या कागदावर ढगाचा करडा! लिहून झाल्यावर माझं मलाच मधल्या घडीवरचं वाचताना चष्मा कपाळावरून खाली घ्यावा लागला होता. म्हणजे मी पाहिलं होतं. आत्याच्या मोतीबिंदूचं मला माहीत होतं. तरी डिंक लावला आणि चालत जाऊन पेटीत टाकून आले.

लिहिलं, असं मला स्वतःला म्हणता यावं, एवढ्यासाठीच मी ते लिहिलं होतं काय?

दहा वाजेपर्यंत माझी फार कणव येत होती मला. चौघांच्या घरात एक रंग नाही माझा, तिकडे ओसरीवर माझं पत्र छोटू मोठ्याने वाचणार, वहिनी ऐकणार, मग मनातलं लिहायचं तरी कुणाला. पण आत्या पत्र हातात घेऊन बसली असेल. आधी लांब धरलं असेल, मग जवळ, मग खिडकीशी गेली असेल. दर वेळी ती तसंच करते. नाहीच लागलं तेव्हा छोटूला हाक मारली असेल. हे डोळ्यांपुढे आलं आणि माझी कणव तिथेच थांबली. करड्याचा दोष नाही. मला अजूनही तोच रंग हवा आहे, काळ्याने लिहीन म्हटलं ते उगाच म्हटलं.

म्हणून ग्रॅफाइट काढली. लोहाच्या शाईचाही विचार केला होता, लिहिताना फिकी आणि हवा लागून दिवसागणिक गडद होत जाणारी. टपालातल्या चार दिवसांत अक्षर आपोआप पक्कं होत जाईल ही कल्पना मोहात पाडणारी आहे. पण ते काम मला शाईवर सोपवायचं नाहीये.

कपाटातलं एबोनाइटचं जाड निबेचं पेन धुतलं, ड्रॉपरने अर्धं भरलं. पांढरा कागद घेतला, घडी पडणार नाही तिथेच लिहायचं ठरवलं. अक्षरं मोठी काढली, पाटीवर तिने गिरवून घेतली होती तेवढी. ती. आत्यास सा. न. वि. वि. आणि त्याच्या लगेच खाली वैशाखाचं वाक्य. हात 'आले नाही'पाशी थांबला, तिथे 'ही'च्या वेलांटीत शाई साचलेली दिसतेय. राहू दे.

पान टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून, चष्मा काढून वाचलं. लागतंय.

ओसरीवर वाचलं जाईल. वहिनींना कळेल. पाकीट अजून बंद केलेलं नाही, शाई पुरती वाळू दे. सकाळी उजेडात एकदा बघते, मग डिंक.