जुना नकाशा, इथलं लाकूड: पुण्यात प्लायवूडची छोटी मोटरबोट बांधताना

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या हौशी कारागिरांच्या मासिकांमधून छोट्या मोटरबोटींचे नकाशे छापून यायचे. १० ते १४ फूट लांबी, पुढे वार्निश मारलेलं लाकडी डेक, मागे टांगलेलं आउटबोर्ड इंजिन. त्यातले बरेच नकाशे आज स्कॅन होऊन सहज मिळतात. नकाशा वाचणं फार अवघड नाही. पण त्यात न लिहिता गृहीत धरलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत: तिथलं फरचं (एका सूचिपर्णी झाडाचं) प्लायवूड, तिथल्या मापाचं रंधलेलं लाकूड, त्या काळचा गोंद आणि त्या काळचं हलकं टू-स्ट्रोक इंजिन. इथे यातली जवळपास प्रत्येक गोष्ट बदलावी लागते, आणि प्रत्येक बदलात थोडं थोडं वजन वाढतं. म्हणून बोटीचा आकार नकाशाप्रमाणेच ठेवा, आणि बाकी जे जे बदलाल त्याचं वजन वहीत मांडत जा. १२ फुटी बोट पाण्यावर उठून पळणार की नाक वर करून रांगणार, हे त्या वहीवर ठरतं.

आधी मापं. स्कॅनच्या प्रिंटवर पट्टी ठेवून माप घेऊ नका. कागद स्कॅन होताना आणि छापताना ताणला जातो, तोही दोन दिशांना वेगवेगळा. फक्त लिहिलेले आकडे खरे. प्रत्येक फ्रेमची (बोटीच्या आडव्या बरगडीची) मापं एका तक्त्यात असतात आणि ती फूट-इंच-अष्टमांश अशी लिहिलेली असतात. १-७-३ म्हणजे १ फूट, ७ इंच आणि ३/८ इंच, म्हणजे ४९२ मिमी. शेवटी अधिकचं चिन्ह असेल तर आणखी १/१६ इंच. सगळा तक्ता एकदाच मिमीमध्ये करून घ्या, इंच आणि मिमी मिसळून काम करू नका. ही मापं प्लायच्या बाहेरच्या अंगापर्यंतची आहेत की आतल्या, हेही तपासा. बाहेरची असतील तर फ्रेम कापताना प्लायची जाडी वजा करायची. ते राहिलं तर बोट दोन्ही बाजूंनी फुगते आणि पुढे प्लायचा एकही पत्रा मापात बसत नाही.

मग पूर्ण आकाराचं रेखाटन. साध्या प्लायचे दोन ८ बाय ४ फुटी पत्रे पांढरा रंग मारून जमिनीवर जोडा आणि मापांचे बिंदू त्यावर घ्या. त्यांवरून सरळ तंतूंची, १२ ते १४ फूट लांब लाकडी पट्टी वाकवून खिळ्यांच्या आधाराने रेघ मारा. पट्टीच्या टोकाशी डोळा लावून पाहिलं की चुकलेला बिंदू लगेच दिसतो, तिथे पट्टीला कुबड येतं. अशा वेळी पट्टी म्हणेल ते ऐकायचं. जुन्या तक्त्यांत छपाईच्या चुका असतात आणि त्या इथेच पकडल्या जातात. लांबी थोडी वाढवायची असेल तर फ्रेममधलं अंतर सारख्या प्रमाणात वाढवून १० टक्क्यांपर्यंत चालतं. रुंदीला आणि तळाच्या कोनांना हात लावू नका.

आता लाकूड. त्या नकाशात '१ बाय ४' लिहिलेलं लाकूड प्रत्यक्षात १ इंच जाड नसतं, रंधल्यावर ते जेमतेम २० मिमी भरतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये तुम्ही १ इंच मागितलंत तर करवतीतून निघालेलं खरखरीत १ इंच मिळेल. ते दोन्ही बाजूंनी रंधून २० मिमी करून घ्यायचं. हे ठाऊक नसलेला माणूस पूर्ण २५ मिमी वापरतो, आणि नुसत्या सांगाड्याचं वजन पाव पटीने वाढतं.

फ्रेम आणि ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीच्या) चौकटीला साग उत्तम: टिकतो, स्क्रू धरतो. पण लांब वाकवायच्या पट्ट्यांना, म्हणजे चाइन (तळ आणि बाजू मिळतात ती कड), शिअर (बाजूची वरची कड) आणि तळाच्या बॅटनना (आतून लांबीच्या दिशेने लावलेल्या पट्ट्यांना), गाठी नसलेलं मेरांटी किंवा चांगलं पाइन घ्या. ते हलकं आहे आणि बिनतक्रार वाकतं. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन नको. सागाला एक पथ्य आहे. त्यात तेल असतं, म्हणून चिकटवायच्या आधी जोडाची जागा ताजी घासून अ‍ॅसिटोनने पुसा आणि लगेच इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवून वापरायचा गोंद) लावा. रात्रभर ठेवलात तर तेल परत वर येतं.

प्लायवूडसाठी आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का हवा. आयएस ३०३ नको, दुकानदार कितीही 'वॉटरप्रूफ आहे' म्हणाला तरी. ७१० च्या गोंदाची चाचणी ७२ तास उकळून होते. पण शिक्का गोंदाबद्दल सांगतो, आतल्या पोकळ्यांबद्दल फारसं नाही. पत्रा उभा करून चारही कडा बघा आणि बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकत जा. आवाज बद्द झाला की आत पोकळी आहे. ६ मिमीमध्ये तीनऐवजी पाच थरांचं मिळालं तर तेच घ्या. घरी आणल्यावर कापातला एक तुकडा दोन-तीन दिवस रोज काही तास उकळून, मध्ये वाळवून बघा. थर सुटले तर सगळे पत्रे परत.

आणि पत्रा वजनकाट्यावर ठेवा. आपल्याकडचं गर्जन लाकडाचं ६ मिमी प्लाय एका पत्र्याला साधारण १२.५ ते १३.५ किलो भरतं. नकाशातलं पाव इंची फर साडेदहाच्या आसपास असायचं. १२ फुटी बोटीला ६ मिमीचे पाच-सहा पत्रे लागतात, म्हणजे इथेच १२ ते १५ किलो वाढले. सागाचे सहा-सात, बाहेरच्या फायबरग्लासचे आठ-दहा, आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचे आणखी दहा-पंधरा. जवळपास अर्धं माणूस जादा. त्यात 'मजबूत होऊ दे' म्हणून तळाला ६ च्या जागी ९ मिमी लावायचा मोह होतो. तो टाळा. मजबुती हवी तर तळात एक बॅटन वाढवा. ढोबळ हिशेब असा की माणसं, इंधन धरून एकूण वजन दर अश्वशक्तीला २५ किलोच्या आत असलं तर बोट नीट उठते. बोट ९०, इंजिन ४०, टाकी १२ आणि दोन माणसांचे १४० धरले तर २८२ किलो. १० अश्वशक्तीला हे जड आहे, १५ ला ठीक. पण १५ चं इंजिन लावण्याआधी नकाशाने सांगितलेली कमाल शक्ती बघा, तिच्यावर जाऊ नका.

जुन्या नकाशात रिसॉर्सिनॉल किंवा युरिया गोंद सांगितलेला असतो. त्यांना जोड अगदी घट्ट लागतो आणि क्लॅम्पचा दाब भरपूर लागतो. इपॉक्सीचं उलट आहे: फार आवळलं तर सगळं रेझिन बाहेर येतं आणि जोड कोरडा राहतो. क्लॅम्प फक्त जागेवर धरण्यापुरता. पांढरा सुतारी गोंद बोटीत कुठेच नको. फायबरचं सामान घ्यायला गेलात की स्वस्त जीपी (जनरल पर्पज) रेझिन आणि चॉप्ड मॅट (काचेच्या तुटक तंतूंची चटई) पुढे केली जाते. ते रेझिन पॉलिएस्टर आहे, लाकडाला कायमचं धरत नाही, दोन-तीन वर्षांत पापुद्र्यासारखं सुटतं आणि मधे पाणी साचून प्लाय कुजतं. मॅटचे तंतू धरून ठेवणारा बाइंडरही पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो, इपॉक्सीत विरघळत नाही. म्हणून चौरस मीटरला २०० ग्रॅमचं, काचेच्या तंतूंचं विणलेलं कापडच घ्या. इपॉक्सी १२ ते १५ किलो लागतं. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेच, आणि ते स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजनानेच मोजा. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला तर ते कायमचं मऊ राहतं.

पुण्याची हवा इथे मोठा भाग घेते. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरतं आणि इपॉक्सीवर तुपकट थर येतो. तो पाण्याने आणि स्क्रबरने धुतल्याशिवाय पुढचा हात दिला तर तो सुटतो. एप्रिल-मेमध्ये वाटीत कालवलेलं इपॉक्सी काही मिनिटांत धूर काढून गोठतं, म्हणून थोडं कालवा आणि लगेच उथळ ताटात पसरा. दिवाळीनंतर लाकूड आणावं, थंडीत सांगाडा आणि पत्रे, फेब्रुवारी-मार्चमध्ये लेप. लेप नेहमी संध्याकाळी, लाकूड गार होत असताना. सकाळी लावलात तर ऊन चढेल तशी लाकडातली हवा फुगते आणि लेपभर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे येतात.

बोट उलटी बांधायची. दोन सरळ फळ्यांचा पाया, त्यावर मधोमध ताणलेली तार, आणि प्रत्येक फ्रेम ओळंब्यात व लेव्हल पाइपने समतल. इथे लागेल तेवढा वेळ द्या. नंतर चाइन आणि शिअरच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी वाकवा. एक बाजू आधी पूर्ण केली तर सांगाडा तिकडे ओढला जातो.

बाजूचे पत्रे आधी, तळ नंतर. ८ फुटी पत्र्याने १२ फूट भरत नाहीत, त्यामुळे जोड लागतोच. उतरता जोड जाडीच्या आठपट ठेवा: ६ मिमीला ४८ मिमी. पत्रे एकावर एक, प्रत्येक ४८ मिमी मागे सरकवून ठेवा आणि सगळ्यांवर एकदम रंधा मारा. प्लायच्या थरांच्या रेघा सरळ समांतर दिसल्या की उतार बरोबर.

सगळ्यात नाजूक जागा पुढच्या दोन फ्रेमच्या मध्ये येते. मागे तळाचा पत्रा बाजूच्या पत्र्याच्या कडेवर बसतो. पण नाकाकडे जाताना दोन्ही पत्रे जवळजवळ एकाच दिशेला येतात, आणि तिथे कडेवर बसवलेला पत्रा रंधताना पातळ होऊन संपतो. म्हणून एका ठरावीक जागी बाजूच्या पत्र्यात खाच घेऊन, त्यापुढे दोन्ही कडा समोरासमोर भिडवायच्या. खाचेची जागा नुसता पत्रा दाबून धरला की दिसते. आधी जाड पुठ्ठ्यावर करून बघा. तिथे ६ मिमी वाकायला तयार नसेल तर गरम पाण्याची फडकी अर्धा तास ठेवा, मग क्लॅम्प लावून रात्रभर सोडा आणि पूर्ण वाळल्यावरच चिकटवा. तरीही कुरकुरलं तर तेवढ्याच भागात ३ मिमीचे दोन थर.

स्क्रू स्टेनलेस ३०४ चे, ८ नंबर, १ इंची, ७५ मिमी अंतरावर. धरणाच्या गोड्या पाण्याला पुरतात, कोकणात समुद्रात नेणार असाल तर ३१६. काळे ड्रायवॉल स्क्रू तात्पुरत्या कामालाच, आणि आठवणीने काढून टाका.

तळाचे मागचे ४ फूट लांबीच्या दिशेने तंतोतंत सरळ हवेत. अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी ठेवून बघा. मध्ये खळगा असेल तर वेगात नाक खाली दाबलं जातं, फुगवटा असेल तर बोट घोड्यासारखी नाचते. मागच्या तिसऱ्या हिश्शात चाइनची कड आणि ट्रान्समची खालची कड धारदार हवी. पाणी तिथून सुटलं पाहिजे, गोल कडेला ते चिकटून वर चढतं. पण कापड धारदार कडेवर बसत नाही. म्हणून कड गोल करून कापड चढवा, मग तिथे सिलिका मिसळलेलं घट्ट इपॉक्सी भरून कड पुन्हा टोकदार घासा. जुन्या नकाशात हे बहुधा सापडणार नाही.

डेकला ६ मिमी प्लायवर सागाच्या पातळ पट्ट्या आणि मध्ये ३ मिमी फिकट स्टीम बीच. खाली इपॉक्सी, वर अतिनील किरण अडवणारं वार्निश किमान सहा हात, कारण उघडं इपॉक्सी उन्हात पिवळं पडून भुकटी होतं.

जुन्या नकाशात तरंगण्याची राखीव सोय बहुधा नसते. ती घाला: १०० लिटर बंद पेशींचा फोम साधारण ९५ किलो तोलतो. थर्मोकोल पेट्रोलने विरघळतो, पॉलिथिलीनचे ठोकळे घ्या आणि ते सीटखाली व बाजूंना उंचावर बांधा. तळाशी ठेवले तर पाणी भरल्यावर बोट उलटते.

परवानगीचं काम लाकूड आणण्याआधी. खडकवासला, पानशेत, वरसगाव ही पुण्याच्या पिण्याच्या पाण्याची धरणं आहेत, तिथे जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय पेट्रोल इंजिन उतरवता येणार नाही. यांत्रिक बोटीची नोंदणी इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, २०२१ खाली येते. तपासणीत काय बघतात ते आधीच विचारा, म्हणजे फोम आणि किल स्विच (चालक पडला तर इंजिन बंद करणारा) मागून बसवावे लागत नाहीत.

इंजिन विकत घेण्याआधी ट्रान्समची उंची मोजा. जुने नकाशे १५ इंचाचे, म्हणजे शॉर्ट शाफ्टच्या (आखूड दांड्याच्या) इंजिनासाठी असतात, बाजारात २० इंचीही मिळतात. इंजिनाच्या पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा अर्धा इंच खाली यावी. ती वर गेली तर वळताना पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतं ओरडतं. फार खाली गेली तर फवारा उडतो, वेग मरतो. पहिल्या फेरीत बोट नाचली तर आधी टाकी आणि सामान पुढे सरकवा, मग इंजिनाच्या टिल्टची (कोन ठरवणारी) पिन एक भोक आत घ्या. तेवढ्याने थांबलं नाही, तर बोट उलटी करून मागच्या ४ फुटांवर पुन्हा पट्टी ठेवा.