महेलियाच्या मागावर : शिकागो ते न्यू ऑर्लिन्स

“दादा, साउथ साइडला कशाला जायचंय? तिकडे बघण्यासारखं काय आहे?” शिकागोजवळ नेपरव्हिलला राहणाऱ्या मावसबहिणीचा हा प्रश्न रास्त होता. शिकागोला येणारे आपले लोक ‘बीन’ नावाचं ते चकचकीत शिल्प बघतात, उंच इमारतीच्या काचेवर उभं राहून फोटो काढतात आणि देवॉन अव्हेन्यूवर डोसा खाऊन परततात. मला मात्र महेलिया जॅक्सनचं शिकागो बघायचं होतं. गॉस्पेल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चमधलं भक्तिसंगीत, आणि महेलिया ही त्याची अनभिषिक्त राणी. कॉलेजात एका मित्राने तिची कॅसेट ऐकवली होती; शब्द निम्मे कळले नव्हते, तरी अंगावर काटा आला होता.

ब्रॉन्झव्हिल हा शहराच्या दक्षिणेचा भाग. मार्टिन ल्यूथर किंग ड्राइव्हवर, सव्विसाव्या रस्त्यापाशी, ब्राँझचा एक माणूस उभा आहे. हातात दोरीने बांधलेली सूटकेस, तोंड उत्तरेकडे. जवळ गेल्यावर लक्षात येतं, त्याचा अख्खा सूट बुटांच्या झिजलेल्या तळव्यांचा आहे. विसाव्या शतकात दक्षिणेतली गरिबी आणि वर्णद्वेष यांना कंटाळून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेत आले, त्यांचं हे स्मारक. महेलिया त्यांतलीच. जन्म 1911 चा, न्यू ऑर्लिन्समध्ये, मिसिसिपी नदीच्या बांधालगतच्या वस्तीत. तीन खोल्यांत तेरा माणसं. आई लवकर गेली, कडक शिस्तीच्या मावशीने वाढवलं, शाळा अर्धवट सुटली, लोकांचे कपडे धुतले. 1927 च्या सुमारास ती रेल्वेने शिकागोला आली आणि इथेही आधी धुणीभांडीच वाट्याला आली.

तिथून चालत इंडियाना अव्हेन्यूवर गेलो. तेहतिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्च आहे, म्हणजे त्याच्या भिंती आहेत. ॲडलर आणि सलिव्हन या नामांकित वास्तुरचनाकारांनी 1890-91 मध्ये ही इमारत ज्यूंचं प्रार्थनास्थळ म्हणून बांधली. पुढे वस्ती बदलली आणि ती बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांकडे आली. जानेवारी 2006 मध्ये छपराच्या दुरुस्तीचं काम चालू असताना आग लागली आणि आतलं सगळं गेलं. आता दगडी भिंतींना लोखंडी टेकू दिलेत. कुंपणाला नाक लावून मी बराच वेळ उभा होतो. गॉस्पेल संगीताचं नवं युग सुरू झालं ते इथे, थॉमस डॉर्सीच्या हातून. हा मूळचा ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांची लौकिक सुखदुःखाची गाणी, वाजवणारा पियानिस्ट, ‘जॉर्जिया टॉम’ नावाने चावट गाणी गाजवलेला. 1932 मध्ये तो परगावी गात असताना बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही. त्या दुःखात त्याने ‘प्रेशस लॉर्ड’ लिहिलं. पुढे डॉर्सी आणि महेलिया वर्षानुवर्षं चर्चमागून चर्च हिंडले. ती गायची, तो गाण्यांचे छापील कागद विकायचा.

गंमत म्हणजे उत्तरेतल्या प्रतिष्ठित कृष्णवर्णीय चर्चना हे गाणं सुरुवातीला अजिबात रुचलं नाही. त्यांना नोटेशनप्रमाणे, सुटाबुटातलं संगीत हवं होतं. ही पोरगी टाळ्या वाजवते, अंग घुसळते, ओरडते! एका गानशिक्षकाकडे तिने चार डॉलर मोजून धडा घेतला, तर त्यानेही हेच ऐकवलं : ओरडणं थांबव. ती पुन्हा कुठल्याही गुरूकडे गेली नाही. बरं झालं.

ते ‘ओरडणं’ म्हणजे काय हे रविवारी कळलं. एका छोट्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये गेलो. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे घातलेल्या एका आजींनी दंडाला धरून मला तिसऱ्या रांगेत नेऊन बसवलं आणि हातात पुठ्ठ्याचा पंखा दिला. पंख्यावर अंत्यविधी करणाऱ्या दुकानाची जाहिरात! हॅमंड ऑर्गन हळू सुरू झाला. गाणारी बाई एक ओळ टाकते, लोक ती उचलतात, ती पुढच्या वेळी तीच ओळ वेगळ्या अंगाने वळवते. भजनात बुवा आणि टाळकरी यांचं चालतं तसंच. एका गाण्याला वीसेक मिनिटं लागली आणि कुणीही घड्याळ पाहिलं नाही. माझ्या शेजारचे गृहस्थ मधूनच “टेक युअर टाइम!” म्हणायचे. ही इथली ‘क्या बात है’.

महेलियाला ब्लूजसाठी चांगल्या पैशांच्या मागण्या येत होत्या. भक्तिसंगीत सोडून दुसरं काही गा म्हणून खुद्द नवरा तिच्या मागे लागला होता. तिने ऐकलं नाही, दारूच्या गुत्त्यात गायली नाही. पण म्हणून तिला भोळी भक्तीण समजू नका. तिने ब्यूटी पार्लर काढलं, फुलांचं दुकान चालवलं, आणि मानधन रोख मोजून घेत असे. 1947 मध्ये ‘मूव्ह ऑन अप अ लिटल हायर’ तुफान खपलं, 1950 मध्ये ती न्यूयॉर्कच्या नामांकित कार्नेगी हॉलला गायली. मला ही बाई तिच्या व्यवहारीपणामुळे जास्त आवडते.

शिकागोतल्याच चॅथम भागात तिचं घर अजून आहे. साधं, विटांचं, एकमजली. लोक राहतात, म्हणून रस्त्यावरूनच पाहिलं. तेव्हा ही गोऱ्यांची वस्ती होती. 1956 मध्ये तिने घर घेतलं तर खिडक्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. देशभर रेकॉर्डी खपणाऱ्या बाईला रोख पैसे देऊनही शेजार मिळत नव्हता. पाच वर्षांनी हीच बाई केनेडींच्या शपथविधीनिमित्त झालेल्या सोहळ्यात गायली. 28 ऑगस्ट 1963 ला वॉशिंग्टनमध्ये किंग बोलत असताना मागून “स्वप्नाचं सांग, मार्टिन!” अशी हाक देणारीही तीच, असं तिथे हजर असलेल्यांनी सांगून ठेवलंय. 1971 मध्ये ती भारतातही आली होती; मुंबईतही कार्यक्रम झाला, दिल्लीत इंदिरा गांधी भेटल्या. आमच्या घरी हे कुणाला माहीत नव्हतं.

पुढच्याच जानेवारीत ती गेली. शिकागोच्या अंत्यविधीत गायिका अरीथा फ्रँकलिनने डॉर्सीचं ‘प्रेशस लॉर्ड’ म्हटलं, मग दफनासाठी तिला न्यू ऑर्लिन्सला नेलं. मीही तोच रस्ता धरला. ‘सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स’ ही गाडी रात्री शिकागोहून निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचते. जेवण बरोबर बांधून घ्या, आतलं महाग आणि यथातथा. सकाळी मिसिसिपी राज्य लागतं : सपाट शेतं, पाण्यात उभी झाडं.

न्यू ऑर्लिन्सला लुई आर्मस्ट्राँग पार्कमध्ये तिच्या नावाचं भव्य नाट्यगृह आहे. कतरिना वादळानंतर बंद पडलं होतं, 2009 मध्ये पुन्हा उघडलं. दाराशी कार्यक्रमांचा फलक वाचला. इथे ऑपेरा आणि बॅले होतात. ओरडणं थांबव म्हणणारे ते मास्तर इथे खूश झाले असते.