तळ्याकाठचा गडगा

आज आईला घेऊन न्यू हॅम्पशरला सुनापी तळ्याकाठी ‘द फेल्स’ला गेले. लिंकनचे खाजगी सचिव, पुढे परराष्ट्रमंत्री झालेले जॉन हे (John Hay) यांनी ओसाड पडलेली शेतं विकत घेऊन १८९१ मध्ये इथे उन्हाळ्यासाठी घर बांधलं. १९०५ साली ते इथेच वारले. मुलगा-सुनेने पुढे जमीन जंगलासाठी देऊन टाकली. केवढं मोठं मन!

घर, बाग सुंदरच. पण आई रमली ती रानात. झाडीत मध्येच दगडी कुंपण. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. शेवाळावरून हात फिरवत म्हणाली, “अगो, हा तर आपला गडगाच!” एके काळी इथे मेंढ्या चरायच्या, आता गडग्याच्या दोन्ही बाजूंना उंच झाडं. आईला तिथून उठवत नव्हतं. मलाही.