मधली स्टेशनं

चेंबूरचं काम दुपारी दीडलाच उरकलं. साताऱ्याला परतायची महालक्ष्मी रात्रीची. परगावच्या माणसाला मुंबईत असा मोकळा वेळ मिळाला की त्याचे पाय आपोआप गेटवेकडे वळतात. मी गेटवे आठ वेळा पाहिलाय. नवव्यांदा नको म्हणून नुसताच व्हीटीची लोकल पकडून बसलो. दुपारची हार्बर, निम्मा डबा रिकामा, खिडकीची जागा. आणि शिवडी गेल्यावर ते नाव आलं. कॉटन ग्रीन.

लहानपणी मे महिन्यात मी मावशीकडे यायचो, चेंबूरलाच. राणीबाग, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय हे रविवारचे कार्यक्रम. पण मला खरी मुंबई पाठ झाली ती या खिडकीतून. कुर्ला, चुनाभट्टी, कोळीवाडा, वडाळा, शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड, मशीद, व्हीटी. भीमरूपी म्हणतात तसं एका दमात म्हणायचो. कॉटन ग्रीनला हिरवा कापूस पिकतो, अशी माझी समजूत होती. रे रोडला कुणीतरी सारखं ‘काय रे’ म्हणतंय असं वाटायचं. तो रे म्हणजे मुंबईचा एक गव्हर्नर, आणि ग्रीन म्हणजे मोकळं मैदान, हे फार उशिरा कळलं. कापसाचा बाजार आधी कुलाब्याला होता, तो इकडे आला आणि येताना नावही घेऊन आला.

“मावशी, कॉटन ग्रीनला काय आहे?”

“काही नाही. गोदामं.”

“रे रोडला?”

“काही नाही.”

“डॉकयार्डला?”

“अरे, काही नाही तिथं. डोकं आत घे आधी.”

डॉकयार्ड रोडला उतरलो.

भटकत भटकत म्हातारपाखाडीत शिरलो. हे नाव लहानपणी ऐकलं असतं तर तो बूट इथल्याच म्हातारीचा, असं मी नक्की ठरवलं असतं. अरुंद गल्ली, लाकडी जिने, नक्षीचे कठडे, ओसरीवर कुंड्या. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांचं जुनं गावठाण. टिळकांचे दोस्त काका बॅप्टिस्टा इथलेच, १८६४ चा जन्म. पुढे १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले. एका ओसरीवर मांजर झोपलं होतं. त्यानं एक डोळा उघडून मला पाहिलं आणि परत मिटला. एवढीच विचारपूस झाली.

मला एक खोड आहे. परक्या गावात जिना दिसला की तो चढायचा. बायको म्हणते, हा माणूस एक दिवस कुणाच्या तरी माजघरात निघणार आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनाला खेटूनच भंडारवाड्याची टेकडी आहे, आणि टेकडी म्हटल्यावर पायऱ्या आल्याच. चढलो. वर बाग, तीही काका बॅप्टिस्टांच्याच नावाची. बागेच्या पोटात शहराला पाणी देणारा जलाशय. इथंच इंग्रजांचा माझगावचा किल्ला होता. १६९० साली जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानानं तो जमीनदोस्त केला. बाकावर एक आजोबा बसले होते. विचारलं, “किल्ल्याचं काही उरलंय का हो?”

“कुठला किल्ला?” ते म्हणाले. तीस वर्षं रोज येतात म्हणे.

मनातल्या मनात मी त्यांना हसलो. मग आमच्या साताऱ्याजवळच्या लिंब गावची विहीर आठवली आणि हसू जिरलं. गेल्या वर्षी एका पाहुण्यानं बारा मोटेची विहीर बघायचीय म्हटलं, तर मी म्हणालो, “विहीर ती विहीर, तिच्यात काय बघायचं? आपण कासला जाऊ.” विहिरीच्या पोटात दगडी महाल आहे, वरती बारा मोटांची सोय आहे. हे मला त्या पाहुण्यानंच सांगितलं. तो एकटा जाऊन बघून आला होता.

ऊन उतरलं. कठड्यापाशी उभा राहिलो. एकीकडे गोदीतल्या क्रेन, त्यांच्यापलीकडे बोटी आणि राखाडी समुद्र. खाली अगदी पायाशी स्टेशन. सहाचा सुमार झाला आणि व्हीटीकडून येणाऱ्या गाड्या भरून यायला लागल्या. वरून माणसं दिसत नाहीत, दारातून बाहेर आलेले खांदे आणि कोपर तेवढे दिसतात.

मावशी फोर्टात नोकरीला होती. एकतीस वर्षं. सकाळी आठ-बावीसची गाडी, संध्याकाळी सहाची. म्हणजे या टेकडीखालून ती दिवसातून दोनदा गेली असणार. उतरली कधीच नाही. घरी कुकर वाट बघत असायचा, नंतर आजारी सासरे. मावशी जाऊन आता चार वर्षं झाली.

तिच्या पर्समध्ये तिमाही पास असायचा. चेंबूर ते व्हीटी. प्लास्टिकच्या पाकिटात, मागच्या बाजूला गजाननमहाराजांचा फोटो. त्या पासावर मधल्या कुठल्याही स्टेशनावर उतरता येतं. वेगळं तिकीट लागत नाही.