कमरेतला बोनमॅरो नडगीत

हायवेवरच्या अपघातात माझी नडगी मोडली, आत पू झाला, सडलेला तुकडा काढावा लागला आणि उजवा पाय चांगला चार-पाच सेंटिमीटर आखूड झाला. बेळगावच्या डॉक्टरांनी इलिझारोव्हची रिंग बसवली, म्हणजे पायाभोवती बाहेरून धातूची कडी, हाडातून आरपार घातलेल्या तारांवर धरलेली. ही पद्धत सैबेरियातल्या कुर्गान शहरात १९५०च्या दशकात निघाली. हाड मुद्दाम कापायचं, आठवडाभर थांबायचं, मग रोज एक मिलिमीटर ताणायचं, म्हणजे फटीत नवं हाड धरतं. तो मिलिमीटरही एकदम नाही, पाव-पाव करून चार वेळा. पाना आईकडे. नट कुठवर फिरवला ते कळावं म्हणून तिने प्रत्येकावर नेलपॉलिशचा ठिपका लावला होता.

ताणणं संपलं, पण हाड भरेना. एक्सरेत फट धुरकट, पुढच्या बाजूला तर कोरीच. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "बिडी-तंबाखू?" नाही म्हटलं, पण तंबाखूच्या गावच्या, निपाणीच्या माणसावर एवढ्यात कोण विश्वास ठेवतो!

मग पेशींचा विषय निघाला. कमरेच्या हाडातून बोनमॅरो, म्हणजे आतला मगज, ओढायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा आणि दाट भाग फटीत टोचायचा. त्यातल्या मूळ पेशींपासून हाड बांधणाऱ्या पेशी होतात. "गॅरंटी?" मी विचारलं. "नाही. जपानात पेशी वाढवून दिल्यावर हाड लवकर भरलं, पण पेशंट थोडे होते." हे सरळ उत्तर मला पटलं. विमा कंपनीने मात्र 'प्रायोगिक उपचार' म्हणून हात वर केले.

संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत, सिस्टरने मराठीत समजावलं. जागा बधिर केली होती, सुईचं काही वाटलं नाही. पण सिरिंज ओढली आणि अशी कळ गेली की मी टेबलाची कड धरली. सिस्टर कपाळावर हात ठेवून "आयतु, आयतु" (कन्नडमध्ये 'झालं, झालं') म्हणत होती आणि काहीच 'आयतु' होत नव्हतं! भरलेल्या सिरिंजांमधून शेवटी उरला तो थोडासा काळपट-लाल रस. तो एक्सरे मशीनखाली बघत फटीत सोडला.

पुढच्या एक्सरेंत फट पांढरी होत गेली. पेशींमुळेच का? डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पायावर वजन टाकून चालायला लागलात, त्याचाही वाटा आहे." समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन्ही एक्सरेंत मिळून हाडाच्या चार कडांपैकी तीन भरल्या की रिंग काढतात. माझ्या तीन भरल्यात. तारीख गणपतीनंतरची मिळाली, आईला आधीची हवी होती.