टीकिंटरची विंडो: माप, जागा आणि रूप

टीकिंटर म्हणजे पायथॉनमधून विंडो, बटणं वगैरे बनवायची लायब्ररी. तिची विंडो उघडायला तीन ओळी पुरतात. ती हव्या त्या मापाची, हव्या त्या जागी उघडायची म्हटलं की गोंधळ सुरू होतो. बहुतेक वेळा चूक आकड्यांत नसते, क्रमात असते. टीके (टीकिंटरच्या आत चालणारी मूळ यंत्रणा) विंडोचं माप हुकूम मिळाल्या मिळाल्या ठरवत नाही. आत काय काय बसवलंय याचा हिशोब ते रिकाम्या वेळासाठी मागे ठेवतं, आणि शेवटचा शब्द विंडो मॅनेजरचा, म्हणजे विंडोंच्या चौकटी आणि जागा सांभाळणाऱ्या भागाचा असतो.

मुख्य मेथड जॉमेट्री. तिला एकच स्ट्रिंग द्यायची: ४८०एक्स३२०+१००+५०. म्हणजे रुंदी ४८०, उंची ३२०, स्क्रीनच्या डाव्या कडेपासून १०० आणि वरून ५० पिक्सेल. मधला एक्स हे इंग्रजीतलं लहान अक्षर. गुणाकाराची फुली चालत नाही. आकडेही इंग्रजीच हवेत. इथे एक गंमत आहे: पायथॉनचं इंट (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) देवनागरी '४८०' बिनतक्रार वाचतं, टीके वाचत नाही. त्यामुळे वापरणाऱ्याने एंट्रीत (टाइप करायच्या चौकटीत) मराठी आकडे टाकले तर ते आधी इंटमधून काढायचे, मग स्ट्रिंगमध्ये घालायचे. थेट घातले तर 'बॅड जॉमेट्री स्पेसिफायर' ही एरर येते.

अधिकऐवजी उणे लिहिलं की अंतर उजव्या किंवा खालच्या कडेपासून मोजलं जातं. -०-० म्हणजे खालचा उजवा कोपरा. +-८ म्हणजे डाव्या कडेच्याही ८ पिक्सेल बाहेर. विंडोज १० वर हे खरोखर लागतं, कारण तिथे विंडोच्या बाजूंना न दिसणारी किनार असते आणि +०+० दिलं तरी डावीकडे फट उरते.

विंडो मधोमध आणायचं गणित सोपं आहे. १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर ४८० बाय ३२० ची विंडो: डावीकडून ४४३, वरून २२४. पण भागाकार दोन तिरप्या रेघांनी करा. एकाच रेघेने केला तर ४४३.० येतं आणि त्या दशांशावर टीके पुन्हा तीच एरर देतं. दुसरा अडथळा जास्त छळतो: विंडो तयार केल्याबरोबर विनफो_विड्थ विचारलं तर उत्तर १ येतं, कारण हिशोब अजून झालेलाच नसतो. आधी सगळी विजेट्स (बटणं, लेबलं वगैरे) बसवा, मग तो मागे ठेवलेला हिशोब उरकणारं अपडेट_आयडलटास्क्स बोलवा, मग विनफो_रेकविड्थ आणि विनफो_रेकहाइट विचारा. ही विंडोला मजकुरासाठी हवी असलेली मापं. विंडो आधी एका जागी चमकून मग मध्ये उडी मारताना दिसत असेल तर सुरुवातीलाच विथड्रॉ करा (लपवा) आणि जागा ठरल्यावर डीआयकॉनिफाय (पुन्हा दाखवा).

एकदा जॉमेट्रीने माप दिलं की विंडो आतल्या मजकुराप्रमाणे लहानमोठी होणं थांबते. नंतर एखादं लेबल वाढलं तर ते कापलं जातं. पुन्हा आपोआप माप हवं असेल तर जॉमेट्रीला रिकामी स्ट्रिंग द्या. विंडो ताणली पण आतलं सगळं कोपऱ्यातच बसून राहिलं, ही तक्रार वेगळी. तिथे ग्रिडच्या (विजेट्स ओळी-रकान्यांत बसवणाऱ्या पद्धतीच्या) कॉलम-रोला वेट १ (जास्तीच्या जागेतला वाटा) दिलेलं नसतं आणि विजेटला स्टिकी (कडांना चिकटवणं) नसतं. रिसायझेबल (माप बदलू देणं) दोन्हीकडून फॉल्स केलं तरी ते वापरणाऱ्यापुरतं असतं, कोडमधून जॉमेट्री चालूच राहते. सरसकट रिसायझेबल बंद करण्यापेक्षा मिनसाइझ (किमान माप) देणं केव्हाही बरं. मोठा फॉन्ट लावणाऱ्या माणसाला बंद विंडोत अर्धी बटणं दिसतात.

मागची जागा लक्षात ठेवणं हा भाग सगळ्यात निसरडा. जॉमेट्रीतली रुंदी-उंची फक्त आतल्या भागाची असते, पण जागा मात्र टायटल बारसकट बाहेरच्या चौकटीची. म्हणून विनफो_रूटवाय (आतल्या भागाची वरची कड) साठवून तोच परत दिला तर विंडो दर वेळी टायटल बारच्या उंचीइतकी खाली सरकत जाते. साठवायची ती जॉमेट्री मेथडने परत दिलेली स्ट्रिंग. तीही मॅक्सिमाइझ अवस्थेत घेतली तर पूर्ण स्क्रीनचं माप मिळतं आणि पुढच्या वेळी विंडो लहान करायला गेलं की ती होतच नाही. उपाय असा: कॉन्फिगर इव्हेंटवर (माप किंवा जागा बदलली की येणाऱ्या सूचनेवर) स्टेट 'नॉर्मल' असेल तेव्हाच स्ट्रिंग नोंदवायची आणि मॅक्सिमाइझ होती का हे वेगळं ठेवायचं. मुख्य विंडोला बांधलेला हा इव्हेंट आतल्या प्रत्येक बटणासाठीही येतो, तेव्हा इव्हेंटचं विजेट मुख्य विंडोच आहे ना, हे तपासा. परत उघडताना जागा स्क्रीनच्या आत आहे का तेही बघा. दुसरा मॉनिटर काढून ठेवला असेल तर विंडो चालू असते, पण दिसत नाही.

मॅक्सिमाइझसाठी विंडोज आणि मॅकवर स्टेटला 'झूम्ड' चालतं. लिनक्सवर तेच एरर देतं, तिथे ॲट्रिब्यूट्समध्ये -झूम्ड द्यावं लागतं. स्क्रीनची रुंदीही अशीच फसवते. दोन मॉनिटर जोडलेल्या लिनक्सवर विनफो_स्क्रीनविड्थ सहसा दोन्हींची बेरीज देतं, आणि 'मधोमध' आणलेली विंडो दोघांच्या सांध्यावर उघडते. विंडोजवर फक्त मुख्य मॉनिटर मोजला जातो.

विंडोजवर अक्षरं धुरकट दिसत असतील तर फॉन्टला दोष देऊ नका. स्केल १५० टक्के असताना १९२० ची स्क्रीन तुमच्या प्रोग्रॅमला १२८० सांगितली जाते आणि मग चित्र ताणलं जातं. सीटाइप्समधून (पायथॉनमधून विंडोजची फंक्शन्स बोलवायची सोय) विंडोजच्या शकोअर (shcore) लायब्ररीचं सेट-प्रोसेस-डीपीआय-अवेअरनेस १ देऊन बोलवा, तेही टीकेची मुख्य विंडो तयार करायच्या आधी. नंतर बोलवून उपयोग नाही. मग अक्षरं रेखीव होतात, पण पिक्सेलमध्ये दिलेली मापं लहान पडतात, ती स्केलने गुणावी लागतात.

रूपाच्या बाबतीत अल्फा ० ते १ मध्ये पारदर्शकता देतं. लिनक्सवर त्यासाठी कंपोझिटर (विंडो एकमेकींवर मिसळून दाखवणारा प्रोग्रॅम) चालू हवा, आणि विंडो दिसू लागेपर्यंत वेट_व्हिजिबिलिटीने थांबलेलं बरं. टॉपमोस्ट (विंडो कायम सगळ्यांच्या वर ठेवणं) बेताने वापरा, नाहीतर तुमचाच मेसेजबॉक्स मागे लपू शकतो आणि प्रोग्रॅम अडकल्यासारखा वाटतो. ओव्हरराइडरिडायरेक्टने टायटल बार जातो, पण त्याबरोबर टास्कबारवरची जागाही जाते आणि विंडो ओढायची सोय तुम्हालाच करावी लागते: माउस दाबताना एक्स_रूटमधून (माउसची स्क्रीनवरची जागा) विनफो_एक्स (विंडोची जागा) वजा करून ठेवायचं, हलवताना तेवढंच वजा करून नवी जागा द्यायची, वायचंही तसंच. नुसता स्प्लॅश (प्रोग्रॅम सुरू होतानाचं चित्र) हवा असेल तर लिनक्सवर -टाइपला 'स्प्लॅश' पुरतो.

मराठी मजकूर असेल तर लिनक्सवरच्या टीके ८.६ ची एक खोड माहीत हवी. टायटल बार विंडो मॅनेजर काढतो, त्यामुळे तिथे 'नोंदणी क्रमांक' नीट दिसतं. तेच शब्द लेबलमध्ये टाकले की 'क्र' सुटतो, आणि 'किंमत'सारख्या शब्दात पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, कारण तिथे टीके अक्षरजुळणी करत नाही. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. पूर्ण मराठी इंटरफेस लिनक्सवर द्यायचा असेल तर सरळ क्यूटी किंवा जीटीके या दुसऱ्या लायब्ररी घ्या.