ध्रुवावर पाऊण

बेरीज जुळली की गणित बरोबर, हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं आहे. गेल्या आठवड्यात इथल्या लॅबमध्ये त्यालाच सुरुंग लागला.

काम तसं नेहमीचं. त्रिकोणांच्या मेशवर, म्हणजे वस्तूचा पृष्ठभाग दाखवणाऱ्या जाळीवर, दर बिंदूपाशी पृष्ठभाग किती वाकलाय, ते काढायचं. जाळीतला प्रत्येक त्रिकोण सपाट, त्यामुळे सगळा वाक कडांवर आणि टोकांवर साठलेला. गाऊसच्या वक्रतेसाठी (बिंदूपाशी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वाक, या दोघांचा गुणाकार) बिंदूभोवतीच्या त्रिकोणांचे तिथले कोन मिळवायचे, 360 अंशांतून वजा करायचे आणि उरलेली तूट (रेडियनमध्ये) त्या बिंदूच्या वाट्याच्या क्षेत्रफळाने भागायची. घनाच्या कोपऱ्यात तीन काटकोन, म्हणजे तूट 90; आठ कोपऱ्यांची मिळून 720.

मी 1 त्रिज्येचा, 32 रेखांशांचा गोल घेतला आणि सगळ्या तुटी मिळवल्या. 12.566! म्हणजे चक्क 4π, रेडियनमधले तेच 720 अंश. तिकडे, जुन्या ठिकाणी, असतो तर वरिष्ठांनी पाठीवर थाप मारली असती. इथे कोड तपासायला पाठवला.

सकाळी उत्तर हजर. माझ्याहून सात वर्षांनी लहान असलेली सहकारी, ना नमस्कार ना चमत्कार : "ही बेरीज काहीच सिद्ध करत नाही." सोबत माझाच गोल, पण बिंदू वाटेल तसे ढकलून पार चुरगळलेला. त्याची बेरीज? 12.566.

राग आला, आणि राग येण्याचं कारण म्हणजे हे मला माहीत होतं. देकार्तचा सिद्धांत, गाऊस-बोने, सगळं कॉलेजात घोकलेलं. आजही झोपेतून उठवून विचारा. त्रिकोण कसाही ओढा, त्याचे कोन 180च. मग तुटींची एकूण बेरीज आकाराकडे बघतच नाही, फक्त बिंदू किती आणि त्रिकोण किती एवढंच बघते. भोक नसलेल्या कुठल्याही बंद जाळीवर ती 4π, मेदूवड्यासारख्या एका भोकाच्या जाळीवर शून्य. म्हणजे मी काय तपासलं होतं? त्रिकोणाचे कोन मला मोजता येतात, एवढंच.

इथला नियम असा : वक्रतेचा कोड आधी गोलावर, पण एकेका बिंदूगणिक, मग सिलिंडरवर, जिथे गाऊसची वक्रता शून्य आणि सरासरी वक्रता (त्याच दोन वाकांची सरासरी) त्रिज्येच्या व्यस्ताच्या निम्मी यायला हवी, मग मुद्दाम बिघडवलेल्या जाळीवर. छळ आहे नुसता. पण बिंदूगणिक छापलं, तर ध्रुवावर 1 ऐवजी 0.76 च्या आसपास. पाऊण!

हा पाऊण मला दोन दिवस पुरला. प्रत्येक त्रिकोणाचं क्षेत्रफळ मी तिन्ही टोकांना सारखं वाटलं होतं. ध्रुवाशी त्रिकोण म्हणजे लांब, अरुंद पाचरी. जो भाग ज्या टोकाला जवळ तो त्याचा, अशी व्होरोनॉय पद्धतीची वाटणी केली, तर ध्रुवाला पाचरीची साधारण अर्धी लांबी मिळते, म्हणजे पाव क्षेत्रफळ. मी दिला होता तिसरा हिस्सा. तूट तीच, भाजक मोठा, उत्तर पाऊण. आणि जाळी कितीही बारीक करा, ते पाऊणच राहतं.

आता माझी बाजू. व्होरोनॉयही काही देव नाही. त्रिकोण विशालकोनी झाला की त्याचा परिकेंद्र बाहेर पडतो आणि वाटणी फसते; मग त्या विशाल कोनाच्या टोकाला निम्मं, बाकी दोघांना पाव-पाव, अशी ठिगळं लावावी लागतात. शिवाय अनियमित जाळीवर कोनांची तूट खऱ्या वक्रतेकडे सरकेलच, अशी हमी नाही. स्कॅन केलेल्या जाळीवर तर विचारूच नका. वक्रता म्हणजे दुसरं डेरिव्हेटिव्ह, उतार किती झपाट्याने बदलतो ते; बिंदूंमधलं अंतर निम्मं झालं की मोजणीतला तोच थरथराट चौपट दिसतो. म्हणून तिकडे आम्ही स्कॅन आधी थोडा गुळगुळीत करून घ्यायचो. इथे त्यावर भुवया उंचावतात, आणि स्वतः मात्र आजूबाजूच्या बिंदूंवर द्विघाती पृष्ठभाग बसवतात. तेही गुळगुळीत करणंच की! नाव वेगळं.

हे सगळं मी तिला लिहून कळवलं, जरा तिखटच. संध्याकाळी तिच्याकडून एक फोल्डर आलं, वर्षानुवर्षं जमवलेल्या अकरा वाईट जाळ्यांचं. खाली एक ओळ : "चौथ्या जाळीवर माझाही कोड पडतो. बघ जमलं तर."

रात्री दीडपर्यंत बसलो होतो. माझाही पडला. पण तिच्यापेक्षा दोन बिंदूंनी कमी.